शहरात भाड्याची खोली

आमच्या वर्गात एक आक्का येतात. वय साठीच्या पुढे. दोन वर्षांपूर्वी त्या सही करायला शिकल्या. आता अडखळत का होईना, पण छापलेले वाचतात. त्यांचा मुलगा डोंबिवलीला एका कारखान्यात कामाला आहे. तो चार जणांबरोबर एका खोलीत राहत असे. लग्न झाले, सून आली, तेव्हा स्वतंत्र खोली घ्यायचे ठरले. अनामत रकमेसाठी आक्कांनी एक म्हैस विकली आणि पैसे पदरात बांधून त्या स्वतः मुलाबरोबर गेल्या. तेथे काय घडले ते आम्ही पुढे सांगणार आहोत. आधी खोली कशी पाहावी, ते आपण पाहू.

पूर्वी आपल्याकडचा माणूस मुंबईला गेला की लालबाग-परळच्या चाळीत उतरे. दहा बाय दहाच्या खोलीत दहा-बारा जण राहत. जेवण खाणावळीत. दिवसपाळीची माणसे कामावर गेली की रातपाळीची त्याच वळकटीवर झोपत. पुढे गिरण्या बंद पडल्या. मुंबईतली भाडी गरिबाच्या हाताबाहेर गेली. माणूस मग लोकलच्या रुळांबरोबर पुढे पुढे सरकत गेला. ठाणे, डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर ही एक वाट. मीरा रोड, वसई, नालासोपारा, विरार ही दुसरी. मुंबईच्या मोठ्या स्थानकापासून कल्याण सुमारे 54 किलोमीटर आहे. एवढ्या अंतरावरून लाखो माणसे रोज कामाला जातात आणि परत येतात.

या गावांतून भाड्याचा एक साधा नियम आहे. मुंबई जसजशी लांब, तसतसे भाडे कमी. आणि स्टेशन जसजसे लांब, तसतसे आणखी कमी. म्हणून एजंट सांगतो, "स्टेशनपासून जरा आत आहे, पण खोली स्वस्तात मिळते." हे "जरा" म्हणजे किती, ते आपण स्वतः चालून पाहावे. वहीत हिशेब मांडावा. समजा, शेअर रिक्षाला एका वेळी 15 रुपये पडतात. जाऊन-येऊन 30 झाले. महिन्याचे कामाचे 26 दिवस धरले तर 780 रुपये होतात. घरातली दोन माणसे कामावर जात असतील तर 1,560. भाड्यात हजार रुपये वाचले आणि रिक्षात दीड हजार गेले, तर स्वस्त काय पडले?

खोली दिवसा पाहावी, आणि जमल्यास पावसात पाहावी. उन्हाळ्यात नवा रंग दिलेली भिंत फार चांगली दिसते. पहिल्याच पावसात तिच्यावर ओल चढते आणि कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते. कोपऱ्यात, खिडकीखाली, मोरीच्या मागच्या भिंतीला हात लावून पाहावे. रंगाचे पोपडे निघत असतील तर समजावे. खोली तळमजल्यावर असेल तर शेजारच्या बाईंना विचारावे, "पाणी भरतं का हो इथं?" हे एजंटला विचारून उपयोग नाही. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्या वेळी कल्याण-बदलापूरकडे उल्हास नदीचे पाणीही घराघरांत शिरले होते. पुन्हा जुलै 2019 मध्ये बदलापूर आणि वांगणी यांच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना सोडवून आणावे लागले. नदीकाठची, नाल्याकाठची खोली स्वस्त असते. ती का स्वस्त असते, हे आधीच विचारून घ्यावे.

नळाचे पाणी किती वाजता येते आणि किती वेळ राहते, हेही शेजारणीलाच विचारावे. काही ठिकाणी पाणी पहाटे येते आणि तासाभरात जाते. नवरा-बायको दोघे कामावर जाणारे असले तर पाणी कोण भरणार? काही इमारती टँकरवर चालतात. त्या टँकरचे पैसे भाड्यात आहेत की वेगळे, हे भाडे ठरवतानाच बोलून घ्यावे.

आता इमारतीविषयी. इमारत पुरी झाली, ती राहण्याजोगी आहे, असा दाखला महानगरपालिका देते. त्याला भोगवटा प्रमाणपत्र म्हणतात. लोक त्याला "ओसी" म्हणतात. आम्हांला ठाऊक आहे की गरीब माणूस हा दाखला मागत बसत नाही. खोली मिळाली हेच पुष्कळ, असे त्याला वाटते. तरीही विचारावे. 4 एप्रिल 2013 रोजी ठाण्याजवळ शीळफाटा भागात एक इमारत कोसळली. परवानगी नव्हती, बांधकाम अजून चालू होते, आणि खालच्या मजल्यांवर माणसे राहायलाही आली होती. 74 जीव गेले. त्यांत लहान मुले होती. डोंबिवली परिसरातल्या 65 इमारती खोट्या कागदांवर उभ्या असल्याचे उघड झाले, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. अशा इमारतीत घर घेतलेल्याचे नुकसान होते, तसे भाड्याने राहणाऱ्याचेही होते. त्याची अनामत अडकते आणि बिऱ्हाड रस्त्यावर येते.

खोली पसंत पडली. पुढचा प्रश्न, ही खोली नक्की कोणाची?

हा प्रश्न आपल्या गावात पडत नाही. गावात कोणाचे घर कोणते, हे शेंबडे पोरही सांगते. शहरात तसे नसते. ज्याच्या हातात किल्ली तो मालक, असे समजून पुष्कळ माणसे फसली आहेत. किल्ली एजंटकडे असते, मालकाच्या भावाकडे असते, जुन्या भाडेकरूकडेही असते. म्हणून मालकाचे नाव लिहिलेला कागद पाहावा. विजेच्या बिलावर नाव असते. घरपट्टीच्या पावतीवर नाव असते. खरेदीखताची नोंद झाली की "इंडेक्स टू" नावाचा एक कागद मिळतो. त्यावर घर कोणी कोणाकडून घेतले, हे लिहिलेले असते. या कागदांवरचे नाव आणि समोर बसलेल्या माणसाच्या आधार कार्डावरचे नाव एकच आहे का, ते अक्षर अक्षर लावून पाहावे. नाव दुसऱ्याचे असेल आणि समोरचा म्हणत असेल, "मी त्यांच्या वतीने व्यवहार करतो," तर त्याच्याकडे कुलमुखत्यारपत्र पाहिजे. नुसते तोंडी सांगणे चालायचे नाही. सोसायटी असेल तर तिच्या सेक्रेटरीला जाऊन विचारावे. त्याला पैसे पडत नाहीत.

आता पैशांविषयी. मालक महिन्याच्या भाड्याखेरीज अनामत रक्कम घेतो. तिला सर्व जण डिपॉझिट म्हणतात. खोली सोडताना ती परत मिळायची असते. एजंट बहुधा एका महिन्याच्या भाड्याएवढी दलाली घेतो. ती परत मिळत नाही. याशिवाय शहरात एक वेगळा प्रकार आहे. त्याला "हेवी डिपॉझिट" म्हणतात. मालक म्हणतो, "मला एकदम तीन लाख द्या. महिन्याचं भाडं नको. जाताना तीन लाख परत न्या." ऐकायला हे गोड वाटते. भाडे वाचले, मुद्दलही परत! पण मालकाला एकदम एवढा पैसा का लागतो, हे कोणी विचारत नाही. पुष्कळदा त्याच्या डोक्यावर कर्ज असते. ते घरच बँकेकडे गहाण असते.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचे असेच झाले. त्यांनी गावाकडची अर्धा एकर जमीन विकून पैसा उभा केला आणि तीन लाख रुपये मालकाच्या हातात दिले. आठ महिने सुखाचे गेले. एके दिवशी बँकेची माणसे आली. मालकाने कर्जाचे हप्ते भरले नव्हते. दारावर नोटीस लागली आणि पुढे घराला टाळे पडले. मालकाचा फोन बंद. या कुटुंबाकडे नोटरीचा शिक्का मारलेला एक कागद होता, नोंदणी नव्हती. नोंदणी असती तर तीन लाख लगेच हातात आले असते, असे आम्ही म्हणत नाही. मालकाकडे पैसाच नसेल तर कागद तरी काय करणार? पण पैसे दिले होते, एवढे तरी सिद्ध करणे सोपे गेले असते. म्हणून आमचे मत असे आहे की, पोटाला चिमटा काढून साठवलेला सगळा पैसा एका अनोळखी माणसाच्या हातात एकदम देऊ नये. दरमहा भाडे भरणे जड जाते खरे. पण त्यात बुडाले तर थोडे बुडते.

आता कागदाकडे वळू. अकरा महिन्यांचा करार हा शब्द तुम्ही ऐकला असेल. बाराही नाही आणि दहाही नाही, अकराच का? देशाचा नोंदणीचा कायदा 1908 सालचा आहे. एका वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी करावीच लागते, असे त्यात आहे. ती टाळावी म्हणून लोक अकरा महिन्यांचा कागद करू लागले. महाराष्ट्रात आणखी एक कारण झाले. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे भाडेकरूला सहज काढता येत नसे. भाडेही वाढवता येत नसे. म्हणून मालक "भाडेकरू" हा शब्दच टाळू लागले. "मी याला फक्त राहण्याची परवानगी दिली आहे," असे ते लिहून घेऊ लागले. यालाच लिव्ह अँड लायसन्स म्हणतात. 1973 मध्ये सरकारने कायद्यात बदल केला. त्या वर्षी 1 फेब्रुवारीला जे असे लायसन्सवर राहत होते, त्यांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. त्यामुळे मालक आणखी घाबरले आणि पुष्कळांनी घरे कुलूप लावून रिकामी ठेवली.

31 मार्च 2000 पासून नवा कायदा लागू झाला. तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999. त्यातल्या तीन गोष्टी आपण नीट लक्षात घेऊ.

पहिली गोष्ट ही की करार लेखी पाहिजे आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे, मग तो अकरा महिन्यांचा असला तरीही. नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्याने ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय कराराच्या अटींवरून तंटा झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाड्याने राहणाऱ्याचे म्हणणे धरले जाते. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत होते, किंवा आता संगणकावरूनही होते. मुद्रांक शुल्क शेकडा पाव रुपया, म्हणजे लाखाला अडीचशे, या हिशेबाने लागते. शहरात नोंदणीची फी 1,000 रुपये आहे. एजंट वर आपल्या मेहनतीचे घेतो. सरकारी किती आणि तुमचे किती, असे त्याला वेगवेगळे विचारावे.

दुसरी गोष्ट मालकाच्या बाजूची आहे. लायसन्सची मुदत संपली की घर सोडलेच पाहिजे. सोडले नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो, आणि जादा राहिलेल्या दिवसांची भरपाई ठरलेल्या रकमेच्या दुपटीने द्यावी लागते. म्हणून मुदत कोणत्या तारखेला संपते, ते घरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे. पुढे राहायचे असेल तर त्याआधीच नवा करार करावा.

तिसरी गोष्ट आम्हांला सर्वांत मोठी वाटते. मालकाने घर परत मागितले आणि प्रकरण त्या अधिकाऱ्यापुढे गेले, तर लेखी लायसन्समध्ये जे लिहिले आहे तेच पक्का पुरावा धरले जाते. तेव्हा "साहेब, तोंडी वेगळं ठरलं होतं," असे म्हणून भागत नाही. म्हणजे कागदावरचा आकडा चुकला तर आपण चुकलो.

येथे आक्कांची गोष्ट पुरी करतो. खोली चांगली होती. भाडे 7,000 आणि अनामत 1,00,000 रुपये ठरली. जागा दुसऱ्या कोणाला देऊ नये म्हणून मुलाने 5,000 रुपये टोकन आधीच दिले होते. ठरल्या दिवशी एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन आला. मालक आले. एजंट म्हणाला, "दादा, इथं अंगठा ठेवा. आधारशी जुळला की झालं काम."

मंडळी, अंगठा सुटावा म्हणून आपण पाटी-पेन्सिल हातात धरली. आता शिकलेल्या माणसालाही यंत्रावर अंगठा ठेवावा लागतो. पूर्वीचा अंगठा न वाचता उठत असे. आताचा अंगठा वाचूनच ठेवायचा, एवढाच फरक. पण तो फरक मोठा आहे.

मुलगा बोट पुढे करणार, तेवढ्यात आक्का म्हणाल्या, "थांब जरा. त्यात काय लिवलंय, ते मला कागदावर पाहिजे."

एजंट हसला. "आजी, सगळ्यांचं सारखंच असतं. छापील असतं."

"असू दे. सारखंच असलं तर वाचायला काय जातंय?"

कागद इंग्रजीत होता. आक्कांनी मराठीत मागितला. एजंट कुरकुरला, पण खाली दुकानात जाऊन मराठी मसुदा छापून घेऊन आला. आक्कांनी चष्मा लावला. नाव बरोबर होते. खोलीचा नंबर बरोबर. मुदत बरोबर. भाडे सात हजार, बरोबर. पुढे अनामत रकमेशी त्यांचे बोट थांबले. तेथे 25,000 लिहिले होते.

"हे पंचवीस हजार कुणाचं? आम्ही तर एक लाख देतोय न्हवं?"

मालक म्हणाले, "ते तसंच लिहितात, मावशी. पूर्ण रक्कम दाखवली की आम्हाला भानगडी होतात. माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?"

आक्का म्हणाल्या, "तुमच्यावर विश्वास हाय. पण ही म्हैस माझी व्हती."

पाऊण तास बोलाचाली झाली. मालक आकडा बदलायला तयार होईनात. मुलगा आईवर चिडला. इतक्या मुश्किलीने मिळालेली खोली हातची जात होती. शेवटी ते दोघे उठून आले. टोकनचे 5,000 रुपये परत मिळाले नाहीत, कारण त्यांची पावती घेतलेली नव्हती. मुलगा आणखी दोन महिने त्या चार जणांच्या खोलीत राहिला आणि सून गावाकडे राहिली. त्या दोन महिन्यांत आक्कांना घरात बोलणी ऐकावी लागली, हेही सांगितले पाहिजे. नंतर टिटवाळ्याकडे एक खोली मिळाली. डोंबिवलीपेक्षा लांब आहे, मुलाला पहाटे निघावे लागते. भाडे 5,500, अनामत 40,000, आणि कागदावरही 40,000.

करार वाचताना एवढ्या जागांवर बोट ठेवावे. दोघांची नावे. घराचा पुरा पत्ता. मुदत कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. भाडे किती आणि महिन्याच्या कोणत्या तारखेला द्यायचे. अनामत किती, आणि खोली सोडल्यावर किती दिवसांत परत. सोसायटीचा मेंटेनन्स कोणी भरायचा. मध्येच सोडायची झाली तर किती दिवस आधी नोटीस द्यायची. "लॉक-इन" असा शब्द दिसला तर तेथे थांबावे. तेवढे महिने आपण खोली सोडली तरी भाडे द्यावे लागेल, असा त्याचा अर्थ असतो. कंपनी बंद पडली, बदली झाली, तर काय करायचे? म्हणून लॉक-इन जितके कमी तितके बरे. रकमेचा आकडा आणि अक्षरी रक्कम जुळते का, तेही पाहावे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची असते. मालकाने फोटो आणि आधार मागितले तर त्यात अपमान मानू नये.

सामान आत नेण्याच्या दिवशी दोन कामे करावीत. विजेच्या मीटरवरचा आकडा तारखेसह वहीत लिहून घ्यावा, नाहीतर आधीच्या बिऱ्हाडाचे बिल आपल्या माथी येते. आणि खोलीतला तुटका नळ, फुटकी फरशी, भिंतीची ओल, यांचे फोनवर फोटो काढून मालकाला त्याच दिवशी पाठवावेत. खोली सोडताना "तुम्हीच मोडलं" म्हणून अनामतीतून पैसे कापले जातात, तेव्हा हे फोटो कामी येतात.

भाडे शक्यतो बँकेतून द्यावे. रोख दिले तर पावती मागावी. भाड्याची लेखी पावती देणे हे मालकाचे कायद्याने कर्तव्य आहे. "आपल्यात पावती कशाला?" असे तो म्हणाला तर आपण लिहिलेली पावती पुढे करावी आणि फक्त सही मागावी. रोख रक्कम 5,000 रुपयांहून जास्त असेल तर पावतीवर 1 रुपयाचे महसुली तिकीट लावून त्यावर सही घ्यावी. खाली पावतीचा नमुना दिला आहे. रिकाम्या जागा भरून तो वहीत तीन वेळा लिहून काढा.

पावती

दिनांक .................

श्री./श्रीमती ................. यांच्याकडून खोली नंबर ........., इमारत ................. या जागेचे ............ महिन्याचे भाडे रुपये ............ (अक्षरी रुपये ...........................) रोख मिळाले.

घरमालकाची सही .................